भौतिकशास्त्र मेजर, सोबत राज्यशास्त्र: पहिल्या वर्षात खरं काय शिकायचं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ऐरोलीला राहते, बारावी सायन्स झाली आहे, ठाण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळाला आहे आणि भौतिकशास्त्र हा मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरला आहे. ओपन इलेक्टिव्हच्या यादीत राज्यशास्त्राची तोंडओळख करून देणारा पेपर आहे आणि तो तिला घ्यावासा वाटतो. घरचं म्हणणं, सायन्सच्या मुलीला राज्यशास्त्र कशाला, त्यापेक्षा काहीतरी स्कोअरिंग घे. तिला विचारायचंय की हा निर्णय योग्य आहे का, आणि या दोन्ही विषयांत एफवायला नेमकं काय असतं, अभ्यास कसा करायचा.

मी ठाण्यात बरीच वर्षं एफवायला भौतिकशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत विषयनिवडीच्या टेबलावरही बसते, आणि राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांबरोबर एकाच स्टाफरूममध्ये राहिल्याने त्यांच्या पेपरांत काय चालतं तेही जवळून पाहत आले आहे. माझं उत्तर सरळ आहे: घे. पण ‘सोपा आहे’ म्हणून घेऊ नकोस. भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षात जी सवय लागायला हवी, तीच हा विषय दुसऱ्या बाजूने लावतो, म्हणून घे. ती सवय म्हणजे समोरचं विधान कुठपर्यंत खरं आहे आणि कशाच्या आधारावर, हे विचारायची.

आधी घरच्यांच्या शंकेचं बघू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे तुला कला किंवा वाणिज्य शाखेतलं काहीतरी निवडायचंच आहे. आता गुणांचा हिशोब. सेमिस्टर २२ क्रेडिटचं धर आणि हा पेपर २ क्रेडिटचा. राज्यशास्त्रात दुसऱ्या एखाद्या ‘स्कोअरिंग’ पेपरपेक्षा एक अख्खा ग्रेड पॉइंट कमी मिळाला, तरी एसजीपीए (सेमिस्टरची ग्रेड पॉइंटची सरासरी) ०.०९ ने खाली येतो. एवढ्यासाठी आवडीचा विषय सोडू नये. हा आकडा बाबांना कागदावर करून दाखव, बोलण्यापेक्षा त्याने काम होईल. उलट मेजरमध्ये गडबड झाली तर ती पुढची सगळी वर्षं सोबत येते. काळजी करायचीच असेल तर तिथली कर.

म्हणून भौतिकशास्त्राबद्दल जरा जास्त लिहिते.

बारावीला तू सीईटी दिलीस. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, दीड तास. त्या तयारीत मेंदूला एक वळण लागतं: सूत्र आठव, आकडे घाल, पर्याय निवड. एफवायचं पुस्तक उघडल्यावर न्यूटनचे नियम, कार्य-ऊर्जा, ओहम, किरचॉफ अशी ओळखीची नावं दिसतात, आणि ‘हे तर झालंय’ असं म्हणून मुलं पहिले दोन महिने सोडून देतात. पहिल्या सेमिस्टरला जे मागे पडतात त्यांतले बहुतेक इथेच पडलेले असतात, अवघड धड्यांत नव्हे. नावं जुनी असली तरी विचारायची पद्धत बदललेली असते. बारावीला विचारतात, लंबकाचा दोलनकाल किती. इथे विचारतात, ते सूत्र कुठून आलं, कोणती गोष्ट गृहीत धरली म्हणून आलं, आणि ते गृहीत सोडलं तर काय होईल.

लंबकाचंच उदाहरण घेऊ. हा प्रयोग तू शाळेपासून करत आली आहेस. १ मीटरचा दोरा, खाली गोळा, २० दोलनांना ४० सेकंदांच्या आसपास लागतात, त्यावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा. जर्नलं तपासताना दरवर्षी एक गोष्ट दिसते: अर्ध्याहून अधिक मुलांचं उत्तर बरोब्बर ९.८. इतकं नेमकं उत्तर इतक्या जणांना येऊच शकत नाही. पुस्तकातला आकडा आधी ठरतो आणि निरीक्षणं त्याला जुळवून लिहिली जातात. केमिस्ट्रीच्या लॅबमध्येही तसंच, टायट्रेशनची तिन्ही रीडिंगं हुबेहूब सारखी.

आता तेच प्रामाणिकपणे करून बघू. मोजपट्टीने लांबी मोजताना १ मिलिमीटर इकडेतिकडे होणार, म्हणजे ०.१ टक्का. स्टॉपवॉच दाबताना हाताला लागणारा उशीर धरून ०.२ सेकंदाची चूक होणार. ४० सेकंदांत ती अर्धा टक्का. g च्या सूत्रात दोलनकालाचा वर्ग असतो, म्हणून ही चूक दुप्पट होऊन १ टक्का होते. दोन्ही मिळून साधारण १.१ टक्का. तेव्हा उत्तर लिहायचं ते ९.७९ ± ०.११ असं. या एका ओळीत बारावीच्या दहा पानांपेक्षा जास्त भौतिकशास्त्र आहे. तुझ्या साधनांनी ९.७ आणि ९.८८ यांत फरक करता येत नाही, हे ती ओळ सांगते. सुधारणा कुठे करायची तेही सांगते: लांबी आणखी काटेकोर मोजण्यात फार अर्थ नाही, चूक वेळेत आहे, तेव्हा २० ऐवजी ४० दोलनं मोज, वेळेची चूक निम्म्यावर येते. आणि ठाण्या-मुंबईच्या अक्षांशावर g चं मूल्य ९.७९ च्या जवळच आहे. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आणि स्वतःभोवती फिरणारी असल्यामुळे विषुववृत्ताकडे जाताना g कमी होत जातो. ‘९.८ आणायचाच’ म्हणून धडपडणाऱ्या मुलीच्या हाताशी कदाचित जास्त बरोबर उत्तर आलेलं असतं आणि तिने ते खोडलेलं असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

याच प्रयोगात आणखी एक पायरी आहे. सूत्र काढताना आपण कोन लहान धरतो, sin θ च्या जागी नुसता θ लिहितो. ५ अंशांवरून गोळा सोडला तर दोलनकालात जेमतेम ०.०५ टक्क्याचा फरक पडतो, तो विसरून चालेल. २० अंशांवरून सोडलास तर दोलनकाल पाऊण टक्क्याने वाढतो आणि g दीड टक्क्याने कमी येतो, म्हणजे स्टॉपवॉचच्या चुकीपेक्षाही जास्त. ‘लहान कोन’ म्हणजे किती लहान, याचं उत्तर आता तुझ्याकडे आकड्यात आहे. एफवायचा अभ्यास असा करायचा. प्रत्येक सूत्रापाशी थांबून ते कुठे मोडतं ते शोधायचं.

गणिताचं स्पष्ट सांगते. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स हाताखालून जायला हवीत. बारावीला बायोलॉजी घेऊन गणित सोडलेली मुलं दरवर्षी येतात आणि त्यांतली अनेक चांगली होतात, पण जून-जुलैतच बारावीचं कॅल्क्युलस काढून बसतात ती. दिवाळीपर्यंत थांबणाऱ्यांना ते जमत नाही. तुझं गणित असेल तरी रोज दोन गणितं पेनाने सोडव. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, पण कोरा कागद पुढे आला की हात चालत नाही.

तू ऐरोलीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरने येशील. त्या प्रवासात एक गोष्ट करून बघ. बॅगेची लोंबती दोरी किंवा किल्ल्यांचा जुडगा मोकळा धर आणि गाडी सुटताना तो मागे किती झुकतो ते पाहा. गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद इतका वाढत असेल, तर कोनाचा टॅन्जंट ०.५ भागिले ९.८, म्हणजे कोन साधारण ३ अंश. फलाटावर उभ्या माणसाला त्या झुकण्याचं कारण दोऱ्यातला ताण दिसतो. डब्यात बसलेल्या तुला वाटतं कोणीतरी जुडगा मागे खेचतंय. ‘आभासी बल’ हा धडा सप्टेंबरात येईल तेव्हा तुला तो आधीच भेटलेला असेल. फोनमध्ये त्वरणमापक असतोच, आखेन विद्यापीठात तयार झालेलं फिफॉक्स नावाचं मोफत ॲप टाकलंस तर आलेखही मिळेल.

आता राज्यशास्त्र. या विषयाबद्दल सायन्सच्या मुलांचा एक समज पक्का असतो: पाठ करायचं आणि पानं भरायची. पहिल्या पेपरात राज्यसंस्था, सार्वभौमत्व, स्वातंत्र्य, समता, न्याय, लोकशाही अशा संकल्पना तरी असतात, किंवा भारतीय संविधान तरी. व्याख्या पाठ करून पास होता येतं. पण मग ३० तास वाया गेले. हो, २ क्रेडिट म्हणजे ३० तासच, एवढ्यात विषय येत नाही. एक गोष्ट मात्र नक्की येऊ शकते: प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखणं.

तुझ्याच शहराचं उदाहरण देते. संविधानात ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांचा (त्यात महापालिकाही येतात) भाग आला, तो १ जून १९९३ पासून लागू आहे. त्यातलं कलम २४३ यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून ५ वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि ती मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी. याहून स्पष्ट भाषा क्वचितच सापडेल. आता नवी मुंबई महापालिका बघ. २०१५ ला निवडणूक झाली, मुदत मे २०२० मध्ये संपली, आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, तिथेही मतदान त्याच वेळी झालं. मधल्या काळात दोन्हीकडे प्रशासक होते, नगरसेवक नव्हते.

एवढं सांगितलं की वर्गात लगेच आवाज चढतात. हा अन्याय आहे, अमक्या पक्षाने केलं, काय फरक पडला, उलट प्रशासकाने कामं केली. सगळे एकदम बोलतात, कारण चार वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात. काय घडलं, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर तारखांनी मिळतं. का घडलं, हा दुसरा. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाबद्दल मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्यात स्वतंत्र आयोग, संस्थानिहाय आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या तीन अटी होत्या. मग प्रभागरचनेवरचे वाद. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या. इथे कारणांची साखळी दाखवावी लागते, आणि कोणत्या कडीचं वजन किती यावर मतभेद होऊ शकतात. कायद्याने हे चालतं का, हा तिसरा प्रश्न. त्याला कलम आणि निकाल वाचावे लागतात. आणि हे योग्य होतं का, हा चौथा. त्याला लोकशाही कशासाठी हवी याचं उत्तर आधी द्यावं लागतं: चांगल्या कारभारासाठी, की कारभार वाईट झाला तरी तो करणाऱ्याला बदलण्याचा हक्क आपल्याकडे राहावा म्हणून? ज्याला पहिलं पटतं त्याला प्रशासक चालतो. दुसरं पटणाऱ्याला तो कितीही कार्यक्षम असला तरी चालत नाही.

हे चार प्रश्न वेगळे करता आले की तुझं परीक्षेतलं उत्तर आपोआप सुधारतं. लंबकात लांबीची चूक आणि वेळेची चूक वेगवेगळी मोजलीस, इथेही तेच करायचं आहे.

ऐरोलीच्या मुलीला या विषयात आणखी एक फायदा आहे. राज्यसंस्था म्हणजे काय, संमती म्हणजे काय, हे पुस्तकात युरोपातल्या विचारवंतांच्या नावाने येतं. तुझ्या आसपास ते घडलेलं आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी. ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. महापालिका आली ती १ जानेवारी १९९२ ला. तोवर शहराची आखणी आणि भूखंडांचे व्यवहार लोकांनी न निवडलेल्या संस्थेच्या हाती होते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलीस गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. सार्वजनिक हितासाठी जमीन घेण्याचा राज्याचा अधिकार कुठे संपतो? पैशात दिलेली भरपाई न्याय्य का वाटली नाही आणि जमिनीतला वाटा का मागावा लागला? जुन्या गावठाणातल्या एखाद्या आजोबांशी तासभर बोल, न्याय या संकल्पनेवरचं तुझं टिपण वर्गातलं सगळ्यात चांगलं होईल.

संघराज्य शिकतानाही पुस्तकाबाहेर बघायला ऐरोलीची खाडीच पुरे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं. किनाऱ्यावरच्या बांधकामाची सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) बंधनं केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात. शहरांचं सांडपाणी महापालिकांकडे. आणि २०२२ पासून ही खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातही आहे. ‘भारत संघराज्य आहे का’ या नेहमीच्या प्रश्नाला वैशिष्ट्यांची यादी देण्याऐवजी अशा एका जागेवर कोणाचं काय चालतं हे मांडलंस तर परीक्षकाला कळतं की मुलीला विषय समजला आहे. अधिकारांच्या तिन्ही सूच्या (केंद्र, राज्य, समवर्ती) आणि घटनांचे अभ्यासक के. सी. व्हिअर यांचा ‘अर्धसंघराज्य’ हा शेरा मग त्या उत्तरात आपोआप जागा घेतो.

दोन्ही विषय एकत्र शिकताना मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे ‘नियम’. ओहमचा नियम तू तारेवर तपासतेस, आलेख सरळ रेषेत येतो. तोच आलेख साध्या फिलॅमेंटच्या बल्बवर काढ, रेषा वाकते, कारण तार तापते आणि रोध वाढतो. म्हणजे नियमाला तापमान कायम राहण्याची अट होती. राज्यशास्त्रात मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाचा नियम आहे: जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो, तिथे दोन पक्षांची पद्धत तयार होते. भारतात निवडणूक याच पद्धतीची, आणि पक्ष मात्र कितीतरी. मग नियम खोटा? अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा दिसलं की अनेक राज्यांत लढत दोघांतच होते, फक्त प्रत्येक राज्यातली जोडी वेगळी असते, म्हणून देशाच्या पातळीवर गर्दी दिसते. इथेही नियमाला अट होती.

फरकही लक्षात ठेव. बल्बचा प्रयोग उद्या पुन्हा करता येतो, निवडणूक तशीच्या तशी पुन्हा घेता येत नाही. म्हणून राज्यशास्त्रात तुलना करावी लागते, दोन राज्यांची किंवा दोन काळांची. आणि तिथल्या संकल्पनांवर वाद संपत नाहीत, संपण्याची अपेक्षाही नसते. स्वातंत्र्याची एकच बरोबर व्याख्या शोधत बसलीस तर वैतागशील. कोणत्या व्याख्येने कोणता प्रश्न सुटतो ते बघ.

वाचायचं काय? गाईड बाजूला ठेव. संविधानाची मराठी प्रत घे आणि मूलभूत हक्कांचा तिसरा भाग स्वतः वाच. कलमाच्या पोटात दिलेले अपवाद सोडू नकोस, सगळी मजा तिथे आहे. संविधान सभेतलं डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण मोफत मिळतं. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीबद्दल त्यांनी त्यात दिलेला इशारा वाचल्यावर समता हा धडा पाठ करावा लागत नाही.

यूपीएससीबद्दल घरचे विचारतीलच. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात संविधान आणि शासनव्यवहार असतो, राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषयही आहे आणि भौतिकशास्त्रही. २ क्रेडिटच्या पेपराने ती तयारी होत नाही. पण तीन-चार वर्षांनी वैकल्पिक विषय निवडताना तू अंदाजाने निवडणार नाहीस.

कला शाखेतल्या कोणी हे वाचत असेल तर उलट दिशेनेही हेच सांगेन. ओपन इलेक्टिव्हमध्ये खगोलशास्त्र किंवा रोजच्या जीवनातलं विज्ञान असा पेपर असेल तर गणिताच्या भीतीने टाळू नका. त्यात लागणारं गणित दहावीपर्यंतचंच असतं.

प्रवेशाच्या टेबलावर जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घे. राज्यशास्त्राच्या पेपरची वेळ तुझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचवर येते का. येत असेल तर बॅच बदलून माग, हे बऱ्याचदा होतं आणि लवकर सांगितलं तर सुटतं. दुसऱ्या सेमिस्टरला त्याच विषयाचा पुढचा पेपर मिळतो का. आणि उत्तरपत्रिका मराठीतून लिहायची मुभा त्या पेपरला आहे का. भौतिकशास्त्र इंग्रजीतून लिहिणाऱ्या आमच्या अनेक मुली राज्यशास्त्र मराठीतून लिहितात आणि फार चांगलं लिहितात. एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढला नसेल तर तोही याच आठवड्यात काढून ठेव, क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात.